सत्तर मिनिटं आणि एक झेरॉक्स

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक तालुका स्पर्धेच्या आदल्या रात्री न चुकता 'चक दे! इंडिया' बघतात. देवाला नारळ फोडावा तसा. यंदाही बघितला, आणि सकाळी मुलींच्या कबड्डी संघाला मोहाच्या झाडाखाली गोल उभं केलं. घसा खाकरला, हात पाठीमागे बांधले, शाहरुख खानसारखं अर्धंच हसले आणि आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या सत्तर मिनिटांबद्दल बोलायला लागले. आवाज चढत होता, डोळे पाणावत होते. तेवढ्यात कर्णधार मुलीने हात वर केला.

"सर, आपली म्याच तीस मिनिटांची आहे जी. मधात पाच मिनिटं सुट्टी."

गुणलेखक म्हणून प्रस्तुत लेखक तिथे वही उघडून बसला होता. त्याने वहीत तोंड खुपसलं.

मुलगी बरोबर होती. मोठ्या पुरुषांची कबड्डी वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांची, मुलींची पंधरा-पंधराची. सरांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ते भाषण आता त्याच्या स्वतःच्या घरी, म्हणजे हॉकीतही पाहुणं झालं आहे. चित्रपट 2007 सालचा. तेव्हा हॉकी पस्तीस-पस्तीस मिनिटांची होती. 2014 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने तिचे पंधरा मिनिटांचे चार तुकडे केले, म्हणजे एकूण साठ. शाहरुख खानची दहा मिनिटं महासंघाने कापली, आणि देशभरातल्या शेकडो शाळांत ती अजून वाटली जात आहेत.

खेळाच्या चित्रपटांचा हिशेब असाच असतो. 'चक दे'मागे मीररंजन नेगींची गोष्ट आहे, असं सगळे सांगतात. ती आहेही. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला 7-1 हरवलं, तेव्हा नेगी गोलरक्षक होते आणि पुढे लोकांनी त्यांचं जगणं नकोसं केलं. चित्रपटातला कबीर खान मात्र आघाडीचा खेळाडू आहे आणि त्याच्या हातून एकच पेनल्टी हुकते. हे बरं झालं. सात गोल खाल्लेल्या माणसाला नायक करायचं म्हणजे निर्मात्याची छाती केवढी लागेल! 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा महाराज कृष्ण कौशिक प्रशिक्षक होते आणि नेगी गोलरक्षकांना घडवत होते. पडद्यावर दोघांचा मिळून एक माणूस झाला. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, तसे एका चित्रपटात दोन चांगले प्रशिक्षक मावत नाहीत. 'दंगल'मध्ये बाप चांगला ठरला, म्हणून राष्ट्रीय प्रशिक्षकाला खलनायक व्हावं लागलं आणि अंतिम कुस्तीच्या वेळी बापाला कोणीतरी खोलीत कोंडलं. प्रत्यक्षात 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोणी कोणाला कोंडलं नव्हतं, आणि गीता फोगाटने ती कुस्ती श्वास रोखायला फारसा वाव न देता जिंकली.

सरांना हे सगळं माहीत आहे. तरी ते बघतात. प्रस्तुत लेखकाचं म्हणणं एवढंच, की आपल्या मुलखाचा चित्रपट दाराशी असताना हॉकीकडून भाषण उसनं कशाला आणायचं?

भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूर. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. 2001 साली एकदा पाऊस आला म्हणून ते आडोशाला थांबले, तर समोर झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत खेळत होती. बारशांनी त्यांना फुटबॉल दिला. भाषण दिलं नाही, हे नोंदवून ठेवावं. पुढे 'झोपडपट्टी फुटबॉल' उभं राहिलं, त्याचं 'स्लम सॉकर' झालं. पहिल्या शहर स्पर्धेला 128 संघ आले. निवृत्तीचा पैसा बारशांनी ह्याच कामात घातला. शिकायला अमेरिकेत गेलेला मुलगा अभिजित परत येऊन ह्याच कामाला लागला. (मुलगा अमेरिकेहून फुटबॉलसाठी परत येतो, हे ऐकून भंडाऱ्यातल्या कित्येक बापांनी मुलांचे फुटबॉल माळ्यावर टाकले असतील.) 2016 साली संस्थेला 'फिफा'चा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. बेघरांचा जागतिक फुटबॉल चषक असतो, त्यातही ही पोरं खेळून आली. तिथला सामना चौदा मिनिटांचा. सात आणि सात. सत्तर मिनिटांचं भाषण तिथे सामना संपून छप्पन्न मिनिटं होईपर्यंत चाललं असतं.

नागराज मंजुळे यांनी ह्यावर 'झुंड' केला. 4 मार्च 2022 ला तो लागला. अमिताभ बच्चन त्यात विजय बोराडे नावाचे सर झाले. आमच्या सरांनी तो एकदाच बघितला आणि नाराज होऊन आले. "सामना मधातच होऊन जाते," ते म्हणाले, "आणि मग उरलेला वेळ लोक कागद गोळा करत फिरतात."

अगदी खरं. त्या चित्रपटात स्पर्धेला परदेशी जायचं ठरतं आणि खरा सामना तिथून सुरू होतो: पासपोर्ट, ओळखीचा पुरावा, पोलिसांची चौकशी. रिंकू राजगुरूने केलेली मुलगी आणि तिचा बाप आपण कोण आहोत ह्याचा कागद मिळवायला दारोदार हिंडतात. बाप समोर उभा, मुलगी समोर उभी. पण ते आहेत, हे सांगणारा कागद नाही. हसता हसता घशात काहीतरी अडकावं, असा तो भाग आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळावरच्या कुठल्याही हिंदी चित्रपटाने प्रशिक्षकाचं काम इतकं खरं दाखवलेलं नाही.

कारण सरांचा स्वतःचा मोसम वेगळा कुठे असतो? पाऊस पडला की शालेय स्पर्धांचे अर्ज. प्रत्येक मुलीचा जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटो, त्यावर मुख्याध्यापकांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. यंदा सर्वांत चपळ चढाई करणाऱ्या मुलीची शाळेच्या रजिस्टरात एक जन्मतारीख निघाली आणि आधारवर दुसरी. एका तारखेने ती सतरा वर्षांखालच्या गटात बसत होती, दुसऱ्या तारखेने बाद. सर तीन दिवस स्कूटरवर फिरले. ग्रामपंचायत, सेतू केंद्र, पुन्हा ग्रामपंचायत. झेरॉक्सवाल्याने तिसऱ्या दिवशी पैसे घेतले नाहीत. म्हणाला, सर, आता तुम्ही घरचेच.

शिवाय मैदान. भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा, त्यामुळे स्पर्धेच्या दिवसांत मैदानाचं तळं झालेलं असतं आणि अर्धा संघ बांधीत रोवणी करत असतो. आईला सांगून बघितलं, तर आई विचारते की रोवणीची मजुरी कोण देणार. चित्रपटातल्या प्रशिक्षकाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. सर मग दहावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांचा हवाला देतात. गुण म्हटले की आई जरा विरघळते. गणिताचे सर मात्र विरघळत नाहीत, कारण पी.टी.चा तास त्यांनी जूनमध्येच मागून घेतलेला असतो. मधूनच मतदार यादीचं काम येतं. कबीर खानला मतदार यादी दिली असती, तर तो विश्वचषक कोणी जिंकला असता, सांगता येत नाही.

तर, त्या दिवशीचा सामना. भाषण तीस मिनिटांत बसवताना सरांची ओढाताण झाली आणि शेवटी ते एवढंच म्हणाले, "पोरीहो, बोनस घ्या आणि पाय सांभाळा." ह्या वाक्यावर कोणाचे डोळे पाणावले नाहीत, पण पहिल्या डावात मुलींनी चार बोनस घेतले. चिखलात दोघी घसरल्या, एकीची पकड सुटली, आणि तालुक्याच्या गावच्या संघाने सामना सहा गुणांनी नेला. जन्मतारखांची मुलगी सगळ्यांत जास्त गुण करून परत आली. प्रस्तुत लेखकाच्या वहीत ते आहेत, चिखलाच्या डागांसकट.

परतताना एसटीत कोणी बोललं नाही. उतरताना सरांनी विचारलं, उद्या साडेपाचला कोण कोण येणार? पाच जणींनी सांगितलं, उद्या रोवणी आहे.

संघ बारा जणींचा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मैदानावर सात जणी होत्या. कबड्डीला मैदानात सातच लागतात.