अच्चुमामा

सेवैवर कुणी सांबार ओतलं तर अच्चुमामा भांडत नाहीत. पान तसंच टाकून उठतात, पुढच्या ओट्यावर जाऊन बसतात आणि आतल्या माणसाला आपलं काय चुकलं ते आपसूक कळेल म्हणून वाट बघतात. चूक कबूल होईपर्यंत अन्नाला शिवत नाही, असं ते म्हणतात. आठ वाजता येतात, असं मामी म्हणतात.

असा एक गृहस्थ प्रत्येक घराण्यात असतोच. पुरणपोळी झाली आणि कटाची आमटी नाही म्हटल्यावर त्याला लग्न मोडल्याइतकं दुःख होतं, आणि श्रीखंडाशी पोळी खाणाऱ्याला तो पुढच्या पंगतीत ओळख देत नाही. पण हे सगळे हौशी. आमच्या मामांनी त्याचं शास्त्र केलंय. त्यांच्या मते पदार्थाची चव ही मागाहूनची गोष्ट, आधी आकार. आकार ठरला की त्यावर काय ओतायचं ते ठरलं, आणि ते एकदा ठरलं की तुमच्या-माझ्या आवडीला त्यात जागा नाही.

मामा पापनाशमचे. कमल हासनच्या सिनेमातलं पापनाशम नव्हे. ते तिकडे तिरुनेलवेलीकडचं. आमचं तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं, रामाने पापक्षालनासाठी 108 लिंगं स्थापली म्हणतात ते. 2015 साली तो सिनेमा आला तेव्हा मामांनी गावात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा खुलासा स्टेशनापासून घरापर्यंत केला. दोन वस्तूंचं नाव एक असणं त्यांना मुळातच गैरसोयीचं वाटतं. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात, बांधांची मापं घेण्यात गेली. कावेरीच्या खोऱ्यात बांध हातभर सरकला तरी भावाभावांत कोर्ट होतं, हे पाहिलेला माणूस सेवै आणि इडिआप्पम यांना एक कसं म्हणू देईल? इडिआप्पमचं पीठ आधी दाबायचं आणि मग वाफवायचं. सेवैचे गोळे आधी शिजवायचे आणि ते गरम असतानाच नाळीतून दाबायचे. दिसायला दोन्ही तांदळाच्या शेवयाच, पण मामांच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र मिळकती. एकीला नारळाचं दूध आणि साखर, दुसरीला मोर कुळंबु, म्हणजे ताकातलं कालवण. सरहद्द ओलांडायची नाही.

गावात त्यांना अच्चुमामा म्हणतात ते त्यांच्या अच्चूंमुळे. सोऱ्याच्या तळाशी बसणाऱ्या भोकांच्या पितळी चकत्यांना तमिळमध्ये अच्चु म्हणतात. मामांच्या स्वयंपाकघरात त्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत, भोकांच्या व्यासाप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. ओमप्पोडीची बारीक, मग सेवैची, मग तेनकुळलची तीन गोल भोकांची, मग मुळ्ळु मुरुक्कुची चांदणी, शेवटी रिबन पकोड्याच्या चिरा. मामी तळायला बसल्या की मामा चकती काढून देतात आणि काम झालं की मोजून परत घेतात. सेवै नाळीचा लोखंडी दांडा फिरवायला मात्र ते कधी पुढे होत नाहीत. त्याला दंडात ताकद लागते. मामा देखरेख करतात.

या घरात चार वर्षांपूर्वी इटली शिरली. मामांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तोरीनोला गेला आणि येताना पास्त्याच्या पुड्यांनी बॅग भरून आला. पुण्यात आपण पास्ता म्हणजे पेने, आणि पेने म्हणजे पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून वर ढोबळी मिरची, अशी सोय करून घेतली आहे. मुलाला वाटलं, अप्पा पिशवी बघून नाक मुरडतील. मामांनी मात्र पुडे ओट्यावर मांडले, चष्मा लावला आणि दुपारचं झोपायचं विसरले. शिंपले, फुलपाखरं, लेखणीची टोकं, मळसूत्रं, कान, चांदण्या. आयुष्यभर ज्या भाषेत आपण एकटेच बोलत होतो, ती बोलणारा अख्खा देश आहे, हे त्यांना त्या दुपारी समजलं.

मुलाने इटलीतले नियम सांगायला सुरुवात केली आणि मामा वहीत उतरवून घेऊ लागले. लांब बारीक शेवयांना तेलाचं, टोमॅटोचं पातळसं कालवण. पोकळ नळ्यांना आणि रेघा असलेल्यांना दाट, तुकड्यांचं. ते नळीत शिरतं आणि रेघांना धरून राहतं. शिंपल्यांना वाटाण्यासारखं काहीतरी, म्हणजे प्रत्येक शिंपल्यात एकेक दाणा अडकतो. अगदी बारीक चांदण्या आणि मणी नुसत्या पातळ रश्शात. जिनोवाकडे तुळशीच्या जातीच्या पानांचं पेस्तो करतात, त्याला हातावर पीळ दिलेली त्रोफ्ये. बारीकडचे कान तिथल्या कडवट पालेभाजीशी. मासळीच्या पास्त्यावर चीज किसायचं नाही. स्पॅगेटी मोडायची नाही. आणि बोलोन्याचा खिम्याचा रागू घालायचा तो रुंद तालियातेल्लेवर. ‘स्पॅगेटी बोलोन्येज’ हा जगभर खपणारा पदार्थ खुद्द बोलोन्याची परंपरा आपला मानतच नाही. हे ऐकून मामांनी पेन खाली ठेवलं. “सरी,” ते म्हणाले, “ही माणसं आपली आहेत.”

पण त्यांना खरं जिंकलं ते सोन्याच्या पट्टीने. 1972 साली इटालियन पाककलेच्या अकादमीने बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तालियातेल्लेची अधिकृत रुंदी नोंदवली आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टीही ठेवली. शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजेच गावातल्या आसिनेल्ली बुरुजाच्या उंचीचा 12,270वा भाग. भूमापन खात्यातल्या माणसाला एवढं पुरे होतं. रात्री त्यांनी हिशेब घातला. बुरुज सुमारे 97 मीटर. भागाकार 7.9 येतो. इटलीने एक दशांश मिलिमीटर खाल्ला होता. मामा सकाळी उठले ते थोडे खिन्न होते, पण प्रेम कमी झालेलं नव्हतं. माणूस जवळचा झाला की त्याच्या चुका दिसतात, एवढंच.

मग त्यांनी तेनकुळल अधिकृत करायला घेतला. त्याची जाडी 6 मिलिमीटर. तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान 216 फूट उंच, असं वाटाडे सांगतात. म्हणजे साधारण 66 मीटर. तेनकुळल हा राजराजाच्या विमानाचा बरोबर 11,000वा भाग ठरतो. इतका सुबक आकडा बोलोन्यालाही जमला नव्हता. अर्ज लिहून झाला, तमिळमध्ये आणि मराठीत. पण टपालात पडला नाही, कारण विमानाची उंची मामांनी स्वतः मोजलेली नाही, आणि दुसऱ्याच्या मोजणीवर सही करायची नाही हा त्यांचा नोकरीतला नियम. देवळात थिओडोलाइट लावायची परवानगी मिळेपर्यंत तेनकुळल अनधिकृतच राहील.

दरम्यान पुड्यांना पापनाशमचं नागरिकत्व देण्याचं काम चालू होतं. शिंपल्यांची सांबाराशी सोयरीक झाली, कारण तुरीची डाळ आणि छोटा कांदा नेमका आत बसतो. कानांना कूटु. केसासारख्या बारीक शेवया पायसात. बुकातिनी, म्हणजे मधून आरपार भोक असलेली लांब शेवई, रसमसाठी तपासली गेली; मामांनी एक टोक तोंडात धरून रसम वर ओढून पाहिलं आणि सदऱ्यासकट नापास केली. तांदळाच्या दाण्यासारखा दिसणारा पास्ता त्यांनी हातातही घेतला नाही. गव्हाने तांदळाचं सोंग आणावं, तेही जिथे नायक राजांच्या वेळचं विटांचं भातकोठार अजून देवळाच्या आवारात उभं आहे अशा गावात, हा त्यांना धडधडीत बनाव वाटला. फुलपाखरांवरही राग. पंख शिजतात आणि मधली चिमट कच्ची राहते. “कै मुरुक्कु बघ,” ते मला म्हणाले, “हाताने पीळ घालत घालत सात वेढे, पण जाडी सगळीकडे एक. आणि यांना एक चिमटा सांभाळता येत नाही.”

इटलीतसुद्धा आकाराचे प्रयोग फसतात, हे सांगून मी त्यांचं सांत्वन केलं. जोर्जेत्तो जुजारो हा मोटारींचा नामांकित रचनाकार, फोक्सवॅगन गोल्फ त्याचीच. नेपल्सच्या वोयेल्लो कंपनीसाठी 1983 साली त्याने मारिल्ले नावाचा पास्ता काढला. कागदावर देखणा, पातेल्यात कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे एकसारखा शिजेना. बाजारात टिकला नाही. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “मोटारीवर कालवण ओतत नाहीत,” एवढंच म्हणाले.

याच ओघात माझ्या तोंडून वळवटाचा विषय निघाला आणि मी घरात कलह लावून दिला.

माझी आजी अमरावतीची. तिच्याकडे लग्न ठरलं की बायका जमून वळवट करायच्या: कणकेचे गव्हले, चिमटीने नखाचा ठसा उमटवलेले नखुले, मालत्या, बोटवे; आणि फणोले, ते तर कोऱ्या फणीवर दाबून वळलेले, अंगावर बारीक रेघा उठलेले. इटलीत रोमान्याकडे गार्गानेल्ली करतात ते असेच, चौकोनी तुकडा दांडीला गुंडाळून फणीसारख्या पाटीवर फिरवायचा. काडीला वेढे देऊन सरगुंडे होतात. सिसिलीतले बुझ्याते तसेच काडीवर वळलेले. हे ऐकताना मामांचा चेहरा बदलत गेला. तंजावरला मराठी राज्य सतराव्या शतकात आलं, व्यंकोजीराजांबरोबर. त्यांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं, हे मामांना पाठ. “तलवारी आणल्या, पोथ्या आणल्या,” ते ओरडले, “फणोले आणायला काय झालं होतं?”

कुंभकोणमहून लाकडी फणी आली. मामांनी स्वतः फणोले वळले, आणि ते चांगले झाले. मग वही उघडून त्यांनी आजीला फोन लावला. आवाज अदबीचा, सरकारी.

“आजी, फणोल्याला काय?”

“खीर.”

“बरं. गव्हल्याला?”

“खीर.”

“नखुले?”

“अरे बाबा, खीरच. दूध, गूळ, वरून तूप. सगळ्यांची तीच.”

मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मग आकार पाच कशाला?”

आजीला प्रश्नच कळला नाही. “रुखवतात मांडायला,” ती म्हणाली. “आणि दहा बायका बसल्या तर दहाहीजणी एकच वळत बसतील का? कंटाळा नाही येणार?”

वहीतलं ते पान कोरं राहिलं. तेवढा सरगुंड्यांचा आधार मिळाला. ते आमरसाशी खातात, आणि रस वेढ्यांत अडकतो, हे मामांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण पाच आकारांना एकच खीर हा सल गेला नाही. दोन दिवस ते ओट्यावरच होते. आठ वाजताही उशिरा आले.

तिसऱ्या दिवशी मामींचं तांदूळ भिजवायचं राहिलं. मोर कुळंबु तयार, सेवै नाही. मामींनी पुडा फोडला, रेघांचं पेने उकडलं, ताटात घालून वर कुळंबु ओतलं आणि ताट मामांपुढे ठेवलं. मी ओट्याकडची वाट मोकळी करून सरकलो.

“हे काय?” मामा म्हणाले.

“तुम्हीच सांगता ना,” मामी म्हणाल्या, “राजवाड्यात एकदा आमसुलं संपली म्हणून डाळीत चिंच घातली आणि सांबार झालं म्हणून? ते खरं असो नसो, पाहुण्यांना सांगताना तुमची छाती फुगते. राजांचं आमसूल संपलं ते चालतं. माझे तांदूळ भिजवायचे राहिले तर बिघडलं कुठे?”

ही दंतकथा मामांनी आजवर कितीतरी लोकांना ऐकवली असेल. ती नियम मोडल्याची गोष्ट आहे, हे त्यांच्या ध्यानात त्या दिवशी प्रथमच आलं असावं. ते बसले. एक नळी उचलून उजेडात धरली, आरपार पाहिलं. खाल्ली. दुसरी खाल्ली. मग बोलायचे थांबले आणि ताट संपवलं, आणि पुन्हा वाढून घेतलं.

हात धुऊन आल्यावर त्यांनी वही मागितली. “टोकं तिरकी कापलेली आहेत,” ते म्हणाले, “त्यामुळे तोंड मोठं होतं. ताक आत शिरतं, आणि रेघांमुळे बाहेरचंही निथळून जात नाही. नियमात बसतं.” मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: पेने, रेघांचं. मोर कुळंबु. अन्य सर्व वर्ज्य.

“अर्धा पुडा उरलाय,” मामी म्हणाल्या, “आणि ताक संपलं. आता ते टोमॅटोत घालू की नको?”

“विरजण लाव,” मामा म्हणाले.