'सेट' वापरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन मराठी बोलणाऱ्या, परंतु 'सेट' या इंग्रजी शब्दाचा पुरेसा वापर अद्याप न करणाऱ्या प्रौढ व्यक्तींसाठी आहे. अशा व्यक्तींची संख्या झपाट्याने घटत असली, तरी खेड्यापाड्यांतून आणि शहरांतही साठीच्या पुढच्या वयोगटात गजर 'लावणारी', निखळलेले हाड 'बसवणारी', लग्नाची तारीख 'ठरवणारी' आणि अंगठीत खडा 'जडवणारी' माणसे अजूनही आढळतात. एकेका कामासाठी एकेक स्वतंत्र क्रियापद खर्ची घालण्याची ही उधळपट्टी थांबवायची असेल, तर एकाच शब्दात सगळा संसार कसा उरकता येतो हे त्यांना क्रमाने दाखवून देणे अगत्याचे ठरते.

प्रथम या शब्दाची योग्यता ध्यानात घ्यावी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या इंग्रजीच्या बृहत्कोशाची पहिली आवृत्ती १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ मध्ये पूर्ण झाली. तीत 'सेट' या क्रियापदाचे १५४ मुख्य विभाग पाडलेले होते. त्यांतल्या शेवटच्या, म्हणजे 'सेट अप' या विभागाच्या पोटअर्थांना अक्षरे देता देता रोमन वर्णमाला संपली आणि संपादकांना पुन्हा पहिल्या अक्षरापासून दुहेरी अक्षरांनी सुरुवात करून 'आरआर'पर्यंत जावे लागले. १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीतही ४३० अर्थांसह हीच नोंद सर्वांत लांब होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर आधी 'मेक' आणि 'पुट' या नोंदी पुढे सरकल्या आणि २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थ नोंदवून पहिले स्थान पटकावले, हे खरे. तथापि 'सेट'च्या अनुयायांनी त्यामुळे खचून जाऊ नये, कारण 'रन' मराठीत क्रिकेटच्या मैदानाबाहेर फारसा पडलेला नाही, आणि 'सेट'ने मात्र माजघरापासून मंत्रालयापर्यंत कोणतीही जागा सोडलेली नाही.

शब्द परका आहे, असा आक्षेप घेणाऱ्या शुद्धिवाद्यांसाठी व्युत्पत्तीचा आधार उपलब्ध आहे. 'सेट' हे क्रियापद 'सिट' म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. प्रयोजक म्हणजे कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून करवतो असे दाखवणारे रूप, जसे बसणे आणि बसवणे. या दोन्ही इंग्रजी शब्दांचे मूळ आणि संस्कृतातील 'सद्' हा बसणे या अर्थाचा धातू एकाच कुळातले आहेत, आणि उपनिषद, परिषद व संसद हे शब्द त्याच धातूपासून आलेले आहेत. त्यामुळे संसदेत सेटिंग होते असे विधान कोणी केल्यास त्याच्यावर फार तर पुनरुक्तीचा दोष ठेवता येईल. समूह या अर्थाचे 'सेट' हे नाम मात्र बव्हंशी वेगळ्या घराण्यातले असून जुन्या फ्रेंचमार्गे ते लॅटिनमधील पंथवाचक शब्दापर्यंत जाते. दोन्ही शब्द इंग्रजीत एकमेकांत मिसळून गेले, आणि मराठीने त्यांची वाटणी करण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही एकदमच घरात घेतले.

रूपांच्या दृष्टीने हा शब्द नवशिक्यास अत्यंत सुलभ आहे. तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी क्रियापदांची तीन-तीन रूपे घोकण्यात बालपण घालवले, पण 'सेट'ची तिन्ही रूपे 'सेट' हीच आहेत. मराठीत आल्यावर तर त्याला पुढे 'करणे', 'होणे' किंवा 'असणे' जोडले की काम भागते. नाम म्हणून तो पुल्लिंगी असून त्याला सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल, चालत नाही. घर 'घरावर' होते, डोंगर 'डोंगरावर' होतो, पण सेट 'सेटवर'च राहतो, आणि 'सेटावर' म्हणणारा इसम ऐकणाऱ्यास तत्काळ परगावचा वाटतो. उच्चारात जीभ किंचित मागे सरकल्यास 'शेट' हा श्रेष्ठींपासून आलेला आदरवाचक शब्द तयार होतो आणि सोफा विकत घ्यायला गेलेला ग्राहक दुकानदाराचीच मागणी करतो आहे असा समज होऊ शकतो. तेवढी दक्षता घ्यावी.

सरावाची सुरुवात घरातील नामांपासून करावी. सोफासेट, टी-सेट, डिनर सेट, दागिन्यांचा सेट आणि एकात एक बसणाऱ्या डब्यांचा सेट ही सर्वमान्य उदाहरणे होत. यांपैकी टी-सेट हा लग्नात आहेर म्हणून येतो, काचेच्या कपाटात राहतो आणि चहा पिण्यासाठी वापरला जात नाही, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. सहांपैकी एक कप फुटल्यावर उरलेल्या पाचांना सेट म्हणावे की नाही, असा प्रश्न काही गृहिणींना पडतो. त्याचे उत्तर जर्मन गणिती गेओर्ग काँटोर यांच्या सिद्धान्तात मिळते. मराठी माध्यमाच्या नववीच्या बीजगणितात 'संच' या नावाने शिकवल्या जाणाऱ्या या सिद्धान्तानुसार पाच कपांचाही सेट होतो, एका कपाचाही होतो आणि शेवटचा कप फुटल्यावर जे उरते त्यास रिक्त संच म्हणतात, जो नियमाने संचच असतो. घराबाहेर पडल्यावर शेतात पंपसेट, हॉटेलात सेट दोसा आणि सरकारी कार्यालयात 'झेरॉक्सचे तीन सेट' भेटतात. यांतील तिसऱ्याविषयी इतकेच सांगणे पुरे की तीन मागितले असता चार न्यावेत, कारण चौथा कशासाठी लागतो हे खिडकीपाशी पोहोचल्यावरच कळते.

नामे अंगवळणी पडल्यावर क्रियापदाकडे वळावे, आणि येथेच या पद्धतीचे खरे सामर्थ्य प्रत्ययास येते. दही लागते, वडी आळते, गजर लावतात, पाने मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, आदर्श घालून देतात, आग लावतात आणि खिळे जुळवतात. खिळे जुळवणाऱ्यास तर छापखान्यात 'जुळारी' असे खास नाव होते आणि संगणक आल्यावर ते कामासकट गेले. ही सर्व क्रियापदे शिकण्यास एक अख्खे बालपण लागते, शिवाय प्रत्येकात काय केले, कशाला केले आणि हाताने केले की तोंडाने, हे उघड होऊन जाते. 'सेट करणे' या प्रयोगात असे काहीही उघड होत नाही. न्हाव्याने दाढी सेट केली, सुनेने निऱ्या सेट केल्या, मेकॅनिकने कार्ब्युरेटर सेट केला आणि साहेबांनी बैठक सेट केली, या चार वाक्यांत चार वेगवेगळी कौशल्ये असूनही ऐकणाऱ्यास एकच मोघम समाधान लाभते. सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कमीत कमी अर्थ सांगण्यासाठी सर्वांत उपयुक्त असतो, हे या शास्त्राचे मूलतत्त्व असून पुढील प्रगत प्रयोग त्यावरच उभे आहेत.

इंग्रजीतून थेट आयात करताना मात्र सावध राहावे, कारण तेथे हा शब्द मागून येणाऱ्या चिमुकल्या अव्ययाच्या तालावर नाचतो. रात्री गजर 'सेट' केला तर तो लावला जातो आणि 'सेट ऑफ' केला तर तेव्हाच वाजू लागतो. न्यायालयाने एखादा आदेश 'सेट असाइड' केल्याचे ऐकून पक्षकाराने तो बाजूला जपून ठेवल्याचा आनंद मानू नये, कारण तो रद्द झालेला असतो. 'सेट अप'ने संस्था स्थापन होते आणि माणूस गोत्यातही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी घडल्याची उदाहरणे सहकार क्षेत्राच्या जाणकारांस ठाऊक असतील. याखेरीज हा शब्द एकीकडे जागच्या जागी गोठणे आणि दुसरीकडे निघणे, मार्गस्थ होणे, असे परस्परविरोधी अर्थ देतो, परंतु त्याचा मराठीत अद्याप कोणास त्रास झालेला दिसत नाही.

क्रीडाक्षेत्र हे सरावासाठी उत्तम आहे. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूस सेटर म्हणतात आणि सामन्याच्या भागासही सेट म्हणतात, त्यामुळे 'सेटर सेट झाला आणि त्याने नीट सेट केल्यामुळे सेट जिंकला' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. टेनिसमध्ये साधारणपणे सहा गेम आणि दोन गेमची आघाडी मिळाली की सेट संपतो असा नियम आहे. पण २०१० साली विम्बल्डन येथे जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ असा लांबला आणि त्यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. क्रिकेटमधला 'सेट फलंदाज' म्हणजे खेळपट्टीवर जम बसलेला फलंदाज, आणि समालोचकाने तसे म्हणताच तो बाद होतो अशी प्रेक्षकांची श्रद्धा आहे.

यानंतर मराठी समाजजीवनातील एक नाजूक प्रयोग येतो. सहायक प्राध्यापकपदासाठी घेतल्या जाणाऱ्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेच्या इंग्रजी आद्याक्षरांपासूनही 'सेट' हाच शब्द तयार होतो, आणि महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. 'मुलगा सेट झाला' हे वाक्य म्हणून दोन प्रकारे समजता येते. एका अर्थी तो परीक्षा उत्तीर्ण झाला, दुसऱ्या अर्थी त्याला कायमची नोकरी, घर आणि बायको मिळाली. पहिल्या अर्थी सेट झालेले अनेक उमेदवार तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळवून, वर्षानुवर्षे शिकवत असल्याने दुसऱ्या अर्थी सेट होत नाहीत. वधुपक्षाने स्थळ पाहताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते स्पष्ट विचारून घ्यावे. अशा वेळी 'सेटल' हा सख्खा नातलग शब्द वापरणे अधिक सुरक्षित, मात्र त्याने वराच्या वडिलांचा चेहरा पडण्याची शक्यता गृहीत धरावी.

साधकाने गाठावयाची अखेरची पायरी म्हणजे 'सेटिंग'. मोबाइलमधील सेटिंग ही बिनधोक वस्तू आहे आणि तिचा येथे विचार केलेला नाही. येथे अभिप्रेत आहे ती बदलीसाठी, निविदेसाठी, प्रवेशासाठी किंवा परीक्षाकेंद्रासाठी 'लावली' जाणारी सेटिंग. या शब्दाचे लिंगही निश्चित नाही, कारण कोणी 'सेटिंग लावली' म्हणतात आणि कोणी 'सेटिंग लावलं', आणि लावणाऱ्याचे नाव घेण्याची पद्धत तर मुळीच नाही. 'झालंय सेटिंग, काळजी करू नका' या वाक्यात कर्ता नाही, कर्म नाही, रक्कम नाही आणि तारीखही नाही, तरीही समोरच्या माणसास सर्व काही कळते आणि उद्या विचारणा झाल्यास काहीच कळलेले नसते. 'लाच देणे' या जुन्या मराठी प्रयोगात देणारा, घेणारा आणि देण्याची वस्तू ही तिन्ही हजर असावी लागत, आणि त्यामुळेच सुसंस्कृत संभाषणातून तो मागे पडला असावा.

एका ठिकाणी मात्र या पद्धतीचा अवलंब करता येत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात सेटिंग हा शब्द नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात 'गैरवाजवी लाभ' अशी संज्ञा आहे, आणि अशा लाभाची तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा अजूनही जुन्या क्रियापदानेच 'रचतो'. नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पूड लावलेली असते, स्वीकारणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते, आणि पंचांसमक्ष लिहिल्या जाणाऱ्या पंचनाम्यात मागणी कोणी केली, कोणत्या शब्दांत केली, रक्कम किती होती, ती कोणत्या हाताने घेतली आणि कोणत्या खिशात ठेवली, हे सारे कर्ता-कर्म-क्रियापदासह नोंदवावे लागते. अशा प्रसंगी प्रस्तुत मार्गदर्शन मिटून ठेवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.