पहिला आला, पण वॉर्डाबाहेरच राहिला

स्टॅनफर्डमध्ये 1970च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ या वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘मायसिन’ हा संगणकी सल्लागार घडवला. रक्तातल्या संसर्गाला किंवा मेंदूज्वराला कोणतं प्रतिजैविक, किती मात्रेत, हे तो डॉक्टरांना प्रश्न विचारून सांगे. ‘हे का विचारतोस?’ म्हटलं, तर न चिडता कारणही देई. वरिष्ठांना असं विचारून बघा!

1979 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूज्वराच्या 10 रुग्णांवरचे सल्ले, देणाऱ्यांची नावं झाकून, तज्ज्ञांपुढे ठेवले गेले. मायसिनला 65 टक्के पसंती मिळाली. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांपैकी कुणीही 62.5च्या पुढे सरकलं नाही.

एवढे गुण मिळवणाऱ्याला लगेच वॉर्डात घ्यायचं ना? पण प्रश्नोत्तरांत अर्धा तास सहज जाई. शिवाय सल्ला चुकला तर जबाबदार कोण, हेही ठरेना. मायसिन प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीच वापरला गेला नाही.