पितृपक्षातलं टार्गेट

गाडीच्या शोरूममध्ये टीम लीडर होणं म्हणजे लग्नात पंगतीवर देखरेख करणं. जेवायचं सगळ्यांच्या शेवटी आणि मठ्ठा संपला की बोलणी आपण खायची.

कोल्हापुरातल्या एका शोरूममध्ये पाच जणांची टीम माझ्या हाती आली, तेव्हा मला आधी दोन दिवस ट्रेनिंगला धाडलं. तिथे एका टायवाल्या गृहस्थांनी सांगितलं, की खरी प्रेरणा माणसाला आतून मिळते. बाहेरून मिळायचा इन्सेंटिव्ह तीन महिने रखडतो, याबद्दल ते काही बोलले नाहीत.

परत आल्यावर मी रोज सव्वानऊची मीटिंग सुरू केली. गोल उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, मग फळ्यावर प्रत्येकाच्या एन्क्वायऱ्या तीन रकान्यांत लिहायच्या : हॉट, वॉर्म, कोल्ड. आमचे सगळ्यांत जुने अण्णा आपलं प्रत्येक गिऱ्हाईक ‘वॉर्म’मध्येच लिहायचे. कारण विचारलं तर म्हणाले, “गरम म्हटलं की तुम्ही तासातासाला विचारणार, गार म्हटलं की ओरडणार. कोमट बरं असतंय.”

असं कोमट-कोमट चाललेलं असताना 2025चा ऑगस्ट आला. 15 तारखेला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करायचं सूतोवाच केलं आणि गिऱ्हाईक जागच्या जागी थिजलं. 3 सप्टेंबरला निर्णय आला : 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवर 28 टक्के अधिक उपकर होता, तो 22 तारखेपासून सरळ 18 टक्के. 8 तारखेला पितृपक्ष लागला आणि तो 21 तारखेला संपणार होता. 22ला घटस्थापना. दिल्लीतल्या कुणाच्या तरी टेबलावर कालनिर्णय असणार, असं अण्णांचं ठाम मत पडलं.

म्हणजे दोन आठवडे शोरूममध्ये तीन गाड्या, पाच सेल्समन आणि एक माशी. टार्गेटला मात्र पितर नसतात. मी मीटिंगमध्ये जोरात म्हणालो, “पितृपक्ष ही मनाची समजूत आहे. लोकांना पटवा. बुकिंग आज, डिलिव्हरी घटाला!”

टीममधल्या नवीन मुलीने हात वर केला. “सर, तुमची जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची होती ना?”

झालं. त्याच संध्याकाळी बुकिंगचा फॉर्म घेऊन घरी गेलो. आई म्हणाली, “या पंधरवड्यात? तुझे आजोबा काय म्हणतील?” आजोबा जन्मभर एसटीने फिरले, पण त्या पंधरवड्यात घरातल्या वाहनविषयक निर्णयांत शेवटचा शब्द त्यांचाच होता. फॉर्म कोराच परत आला. सकाळी फळ्यावर माझं नाव होतं, ‘कोल्ड’च्या रकान्यात. दुपारी अण्णांनी दया येऊन ते ‘वॉर्म’मध्ये सरकवलं.

मी नवीन घोषणा शोधत बसलो होतो, तेवढ्यात या मंडळींनी जुन्या वह्या काढून दोनशेच्या वर फोन लावले. आग्रह नाही, काही नाही. नवा दर सांगायचा, कर्जाची कागदपत्रं तेवढी मागवून ठेवायची. मला हे 22ला सकाळी कळलं, शोरूमबाहेर चप्पल ठेवायला जागा उरली नाही तेव्हा.

त्या गर्दीत शिरोळकडचं अकरा माणसांचं एक कुटुंब आलं. हार झाला, नारळ झाला, पेढे झाले, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. मग लक्षात आलं, की गाडीचं तोंड भिंतीकडे आहे. आधी रिव्हर्स घ्यावा लागणार. आजींचा चेहरा पडला. “पहिलं पाऊल मागं?”

मी टीम लीडर. मला ट्रेनिंगमधलं ‘अडचणीतली संधी’ आठवलं, पुढचं आठवेना. तेवढ्यात स्टॉकयार्डचे ड्रायव्हरमामा वाकले, लिंबं उचलून चाकांच्या मागे ठेवली आणि म्हणाले, “आजी, गाडी आत्ता अंबाबाईकडं तोंड करून उभी हाय. देवळातनं आपण पाठ दावून निघतो व्हय?”

आजींनी भिंतीला हात जोडले. गाडी मागे आली, चारी लिंबं फुटली, टाळ्या झाल्या. देऊळ नेमकं उलट्या दिशेला आहे हे मला ठाऊक होतं. आजींनाही असावं.

रात्री साडेनऊला दिवे मालवताना फळ्याकडे पाहिलं. माझं नाव ‘हॉट’मध्ये होतं. खाली बारीक अक्षरात सूचना : सीट कव्हर, मॅट आणि एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारल्याशिवाय सोडू नये.