भावी कार्डधारक

पुण्यात चौकाचौकात एखादा तरी भावी नगरसेवक फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणुका काही लवकर लागेनात, तेव्हा या मंडळींनी आपलं भावीपण मोठ्या धीराने निभावलं. पण त्यांच्याहून जुना आणि त्यांच्याहून चिवट असा एक भावी आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो 2016 पासून भावी कार्डधारक आहे. रेशनकार्डाचा नव्हे, ग्राफिक्स कार्डाचा.

असा एक तुमच्याही इमारतीत असणारच. वय चाळिशी ओलांडलेलं, नोकरी बँकेत नाहीतर विमा कंपनीत, आणि हॉलच्या कोपऱ्यात, कीबोर्डचा ट्रे अर्धाच सरकणाऱ्या टेबलाखाली, 2011 साली असेंबल करून घेतलेलं मशीन. आत इंटेलचा आय-फाइव्ह 2400, एच-61 चा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि कॅबिनेटबरोबर आलेला 450 वॉटचा एसएमपीएस. घरातले त्याला 'ते' म्हणतात. "ते बंद केलंत का झोपताना?" खंडेनवमीला इतर शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होते. हळदकुंकू कॅबिनेटवर चालतं, झेंडूचं फूल मात्र मागच्या जाळीजवळ ठेवायचं नाही, एअरफ्लो अडतो, असा भावीचा दंडक आहे.

या मशीनला एक स्वस्तातलं कार्ड लावलं की ते आणखी पाच वर्षं सहज चालेल, हे त्याचं मूळ म्हणणं. आणि ते खोटं नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स 1050 टीआय बाजारात आणलं. चार जीबी मेमरी, वीज फक्त 75 वॉट, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळते तेवढीच. बहुतेक मॉडेलांना वेगळी वायरसुद्धा लागत नाही. जुन्या मशीनसाठी याहून सोयीचं स्थळ त्या वेळी नव्हतं. भावीने पैसे बाजूला काढले, रविवार ठरवला, आणि 8 नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले.

नोटबंदीचं निमित्त कुणालाही पटेल असंच होतं. पण त्यातून भावीला एक मोठा शोध लागला. थांबण्याला नेहमी एक सबळ कारण मिळतं, आणि ते कारण इतकं थोर असतं की समोरचा माणूस मान डोलावतो. नोटा मिळू लागल्या तेव्हा जीएसटी तोंडावर आला होता. "जुलै जाऊ दे, भाव कुठे स्थिरावतात बघू." भाव स्थिरावले नाहीत, कारण तोवर जगभरचे लोक ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टोचं चलन खणू लागले होते. 2019 च्या एप्रिलमध्ये जीटीएक्स 1650 आलं, तेही 75 वॉटचं, 1050 टीआयपेक्षा वेगवान. भावी म्हणाला, "नवीन आहे, सहा महिन्यांत उतरेल." सहा महिन्यांनी दिवाळी होती, दिवाळीत पंखे बदलायचे निघाले, आणि पुढच्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला. 2021 मध्ये चिपचा तुटवडा आणि मायनिंग असे दोघे मिळून आले आणि कार्डांचे भाव असे चढले की भावीला प्रथमच आपण न घेतलेल्या वस्तूचा अभिमान वाटला. "तेव्हा घेतलं असतं तर आज दुपटीला विकलं असतं," असं तो लिफ्टमध्ये सांगत असे. घेतलं असतं तर विकलं असतं, म्हणजे शेवटी नसतंच. हिशेब बरोबर होता.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं सेकंड हँड बाजारात ओतली गेली. भाव कोसळले. आता कारण उरलं नाही असं आम्हांला वाटलं. भावी गंभीर झाला. "आत्ताच तर सगळ्यात जपून राहायला हवं. कुठल्या गोदामात भाजून निघालेलं कार्ड गळ्यात पडेल, सांगता येत नाही." मग 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्याचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, तेव्हा आता कार्ड घ्यावं की मशीनच बदलावं, हा तात्त्विक प्रश्न उभा राहिला. तो सोडवेपर्यंत एआयच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले. सध्या आपण इथे आहोत.

या माणसाला काही कळत नाही, असं मात्र कृपा करून समजू नका. आमच्या सोसायटीत जी तीन-चार कार्डं लागली, ती सगळी त्याच्या सल्ल्याने लागली आणि एकही फसलेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा मुलगा जीटी 730 घ्यायला निघाला होता. दुकानदाराने "चार जीबी आहे" एवढंच सांगितलं होतं आणि चार जीबी ऐकून बापलेक हरखले होते. भावीने त्यांना जिन्यात अडवलं. अरे, मेमरी किती आहे हे काय विचारतोस, कसली आहे ते विचार. त्या एका नावाखाली डीडीआर-थ्रीही विकतात आणि जीडीडीआर-फाइव्हही, आणि 64 बिटच्या डीडीआर-थ्रीवर चार जीबी असून उपयोग काय? जीटी 1030 चीही तीच कथा. 2017 मध्ये आलं ते जीडीडीआर-फाइव्हचं, चांगलं होतं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर-फोरचं आलं आणि ते बरंच मंद निघालं. खोक्यावरचं नाव तेच. कंपनीने हे उघडपणे केलं, याचा भावीला आजही राग आहे. इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे.

आरएक्स 580 म्हणून 2048 एसपीचं कार्ड खपवतात, ते वास्तविक 570 च्या ताकदीचं असतं, हे त्याला पाठ आहे. एएमडीचं आरएक्स 6400 अवघं 53 वॉट घेतं म्हणून जुन्या मशीनवाले त्यावर भाळतात; पण त्याला स्लॉटमधल्या चारच लेन वापरता येतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं. भावीच्या बोर्डावर, जिथे पीसीआय एक्स्प्रेसची दुसरीच पिढी नांदते, तिथे त्या चार लेनवर ठरलेल्या वेगाचा चौथा हिस्सा मिळेल. इंटेलचं आर्क ए-380 जुन्या बोर्डावर लावायचंच नाही, त्याला रिसायझेबल बार लागतो. हे सगळं तो भाजी निवडता निवडता सांगतो, आणि त्या दिवशी मेथीत हमखास काड्या राहतात.

महिन्यातून एखाद्या शनिवारी त्याची तपकीर गल्लीची वारी असते. गाडी लांब कुठेतरी लावायची, बुधवार पेठेतून चालत आत शिरायचं, आणि वायरी, स्पीकर, दिव्यांच्या माळा यांतून वाट काढत ओळखीच्या दुकानापाशी थांबायचं. दुकानदार त्याला पाहिल्याबरोबर ओळखतो आणि उठत नाही.

"साहेब, घ्यायचंय की विचारायचंय?"

"सोळाशेपन्नास आहे का? सेकंड हँड?"

"आहे. सात दिवस टेस्टिंग वॉरंटी."

"बिल?"

"बिल पाहिजे तर नवीन घ्या."

"लो प्रोफाइल पट्टी मिळेल बरोबर?"

"तुमचं कॅबिनेट तर मोठं आहे, साहेब. मागच्या वेळी फोटो दाखवला होता तुम्ही."

भावी तरी पट्टी मागतो. उद्या छोटं कॅबिनेट घेतलं तर?

या फेऱ्यांतून तो रिकाम्या हाताने परतत नाही, ही त्याची खरी गंमत. त्याच्या मॉनिटरला जुनी व्हीजीए वायर आहे आणि नव्या कार्डांना व्हीजीए नसतं, तेव्हा एचडीएमआयचा कन्व्हर्टर घेऊन झाला. पुढेमागे सहा पिनचं कार्ड आलं तर असावी म्हणून सहा पिनची जोडवायर आणली. मग कळलं की अशी जोडवायर लावून मोठं कार्ड चालवणं म्हणजे हलक्या एसएमपीएसचा जीव घेणं. त्याच्या स्टिकरवर 450 वॉट लिहिलेलं असलं तरी बारा व्होल्टच्या ओळीवर अँपिअर किती, ते वाचायचं असतं. ते वाचलं, आणि नवा एसएमपीएस आला. मागोमाग कॅबिनेटचा जास्तीचा पंखा, थर्मल पेस्टची सुई, आणि कार्ड वजनाने खाली झुकू नये म्हणून आधाराचा छोटा खांब. खांब त्याने बसवूनही टाकला आहे. कॅबिनेटची बाजू उघडली की तो रिकाम्या स्लॉटखाली उभा दिसतो.

त्याचं बजेट पाच हजारांपासून सुरू होतं. पाचात चांगलं काही येत नाही, तेव्हा आठ. आठात जुनं येतं, त्यापेक्षा बारात नवं. बारा घालायचे तर जुन्या प्रोसेसरमुळे बॉटलनेक होणार, मग प्रोसेसर, म्हणजे बोर्ड, म्हणजे रॅम. चाळीस-पन्नास हजारांवर आकडा गेला की तो थांबतो आणि म्हणतो, एवढ्यात लॅपटॉपच येईल. लॅपटॉपला कार्ड बदलता येत नाही, हे आठवून त्याच्या अंगावर काटा येतो. मग तो पाच हजारांवर परततो. ही प्रदक्षिणा एका चहात पूर्ण होते.

वहिनींनी एकदाच विचारलं होतं, "कार्ड आल्यावर वेगळं काय दिसेल हो?"

"फ्रेम्स वाढतील."

"भिंतीवर आहेत त्या पुसायला मला वेळ मिळत नाही."

आणि तो खेळतो काय? 2005 सालचा 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड'. तो त्याच्या मशीनवर आत्ताही, कुठलंही कार्ड न लावता, चालतो. ही गोष्ट कुणी त्याच्या तोंडावर बोलत नाही.

मधल्या दिवाळीत त्याचा भाचा सोलापूरहून आला. त्याने मामांना न विचारता जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. पूर्वी मशीन सुरू करून आंघोळ उरकता यायची, आता टॉवेल शोधेपर्यंत पासवर्ड मागतं. वहिनी खूश, मुलगी खूश. भावी दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता दुसरं काही अडत नाही, म्हणजे अडतंय ते कार्डच."

मला विचाराल तर त्या मशीनचं उत्तर कधीच ठरलेलं आहे: 1650, वेगळी वायर न मागणारं, कॅबिनेटच्या उंचीत बसणारं, विकणाऱ्याच्या दुकानात चालू मशीनवर लावून बघितलेलं. तिथेच जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवायचं. जुन्या चिपवर नव्याचं नाव चढवलेलं असेल तर बहुतेक वेळा ते नावाआधीच 'फेक' असं छापतं. फार जुना बायोस असेल तर काही नव्या कार्डांनी पडदा काळाच राहतो, तेव्हा परत घेण्याचं आधी बोलून ठेवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. हे मला भावीनेच शिकवलं.

तुम्हांला कार्ड घ्यायचं असेल तर आमच्याकडे जरूर या, त्याच्याइतका चोख सल्ला पैसे मोजूनही मिळणार नाही. फक्त मशीनचा मॉडेल नंबर आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो बरोबर आणा, आणि रविवारी सकाळी अकराच्या आत येऊ नका. आधीचा माणूस उठलेला नसतो.