उचलावे कोणी आणि धरावे कोणी

द्रोणागिरी उचलून आणणाऱ्या मारुतिरायांच्या पराक्रमाचे वर्णन करताना आमचे कीर्तनकार उड्डाणावर जितका वेळ खर्च करतात, त्याच्या शतांशही वेळ, वैद्याला मुळी सापडेपर्यंत तो पर्वत कोणी व कसा धरून ठेवला असेल या प्रश्नावर खर्च करीत नाहीत, आणि मोटारीचा जॅक घ्यावयास निघालेला सद्गृहस्थ याच परंपरेतला असल्यामुळे, दुकानाची पायरी चढताच "किती टन उचलतो?" एवढा एकच सवाल करून पैसे मोजून मोकळा होतो. उचलणे हे कर्तृत्वाचे काम, धरणे ही निव्वळ चाकरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे.

मौजे जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे आमचे गाव. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली येथे झाला, त्यामुळे रामनवमीला गावाची कीर्ती वाढते आणि वाहनांची गर्दीही. परंतु आषाढ लागला म्हणजे गावाची सत्ता रामाकडून मातीकडे जाते. ही काळी, कसदार, कापूसपिकी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा दाखविते आणि पाऊस पडताच फुगून, चिकटून, चाकाला असे काही आलिंगन देते की, चारही चाकांना ओढ असलेली आमची बोलेरो कॅम्पर, रिकामी असता पावणेदोन टनांच्या आसपास भरणारी आणि मोसंबीचे क्रेट लादले म्हणजे त्याहून बरीच जड होणारी, उसाच्या बांधालगत समाधी लावून बसते.

अशा प्रसंगी शेजारचे आबा एकच तोडगा सांगतात : "पोरं बोलवा मास्तर, च्या पाजा, आन् म्हना जय बजरंग!" हा तोडगा स्वस्त आहे हे मी नाकबूल करीत नाही, मात्र पोरांच्या सवडीचा मोसंबीच्या सौद्याशी मेळ बसत नाही, सबब जॅकचा विचार करणे प्राप्त झाले.

गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक शहरातल्या डांबरावर, पंक्चरपुरता, इमानाने वागतो. त्याहून थोर तो तेलाचा, बाटलीच्या आकाराचा. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ज्याने सांगितले तो ब्लेझ पास्कल समर्थांहून पंधरा वर्षांनी लहान. त्याचा त्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला, आणि जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली त्याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. हिशोब सोपा आहे : लहान दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि मोठा तीन सेंटिमीटरचा असला, तर जोर नऊपट होतो, दांडा त्याला आणखी वीसपट करतो, मग सहाशे किलोंचा भार उचलावयास साडेतीन किलोंचा रेटाही पुरतो. आबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग बैल कशाला पोसले आजवर?"

परंतु पास्कलने जमिनीविषयी काही लिहून ठेवले नाही. माल भरला म्हणजे मागच्या एका चाकावर सहाशे किलो सहज येतात, आणि जॅकचे बूड जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा किलो. ओल्या काळ्या मातीला एवढे ओझे सोसण्याची मुळीच हौस नाही. दांडा हलवीत राहिले की दट्ट्या बोटभर वर येतो, बूड बोटभर खाली जाते, आणि गाडी स्थितप्रज्ञासारखी जागच्या जागी राहते. बराच वेळ घाम गाळल्यावर लक्षात येते की आपण गाडी उचलीत नसून जॅक पेरीत आहोत. त्याच बुडाखाली तीस सेंटिमीटर चौरस, दोन बोटे जाडीची बाभळीची फळी घातली, की दाब पाऊण किलोच्याही आत येतो.

उंच गाडीची दुसरी खोड अशी की, जॅक चेसिसला लावला तर आधी कमानी सैल पडतात, चाक लोंबू लागते, पण जमीन सोडीत नाही. तोवर बाटलीची उंची संपून जाते. तेव्हा ॲक्सलखाली लावावा, म्हणजे चाक लगेच उठते. फक्त फसलेल्या गाडीचे ॲक्सल चिखलात असते आणि तेथे जॅक सरकविण्यासाठी पालथे पडावे लागते. यावर अमेरिकेतील शेतकऱ्यांत रूढ झालेला चार फूट उंचीचा, भोकाभोकांचा, पायरी-पायरीने चढणारा हाय-लिफ्ट जॅक हा इलाज सांगतात. तो चढतो उत्तम. उतरताना मात्र दांड्यावरचा हात सुटला तर तो दांडा धन्याच्या हनुवटीचा वेध घेतो. शिवाय त्याला पकडावयास पोलादी बंपर लागतो, आणि हल्लीचे बंपर प्लास्टिकचे.

आता घोडीविषयी. गॅरेजात जॅकस्टँडला घोडी म्हणतात, आणि ती घेण्याविषयी आमच्याकडे जितकी उदासीनता आहे तितकी जामिनाविषयी कर्जदाराला असते. जॅक हा कर्जदार : आज उभा आहे, उद्या आतले रबरी वायसर झिजले की रात्रीतून खाली बसेल, ओझे निभावून नेणारा तो जामीन, म्हणजे घोडी. जालन्यातील एका वयस्क मिस्त्रीने मला हे एका वाक्यात सांगितले : "उचलायचं तर जॅकवर, निजायचं तर घोडीवर." दासबोधात मूर्खलक्षणांचा स्वतंत्र समास घालणाऱ्या समर्थांच्या काळी मोटार नव्हती, म्हणूनच नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणारा इसम त्या यादीतून सुटला. विटांचे थर लावणारा त्याचा धाकटा बंधू. वीट पूर्वसूचना न देता फुटते. घोडी नसेल तर निदान स्टेपनी आडवी करून चेसिसखाली सरकवावी, मात्र त्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. घोड्या घेताना त्यांवर कोरलेले टन एकीचे की जोडीचे, याचा खुलासा दुकानदाराकडून करून घ्यावा, कारण हा आकडा पुष्कळदा जोडीचा असतो. आणि त्यांचे चिमुकले पाय शेतात रुततात. त्यांची जागा अंगणातल्या फरशीवर. शेतात गाडीखाली निजण्याचे कामच नाही. चाक उठले की खाली दगड-फळ्या भराव्यात, जॅक काढावा आणि बाहेर पडावे.

सारांश, माझ्या गाडीत आता पाच टनी तेलाचा जॅक, बाभळीच्या दोन फळ्या आणि पुढच्या चाकांना अडसर म्हणून दोन लाकडी पाचरी असतात; घोड्यांची जोडी ओसरीत आहे. तुम्हीही ही खरेदी केलीत तर एक विनंती : जॅक कोणी मागितला तर खुशाल द्यावा, फळी मात्र देऊ नये. जॅक परत येतो, फळी चुलीत जाते.