पक्का रंग

सांगलीत, विश्रामबागेतल्या रंगाच्या दुकानात जाऊन लोखंडावर बसणारा पक्का काळा रंग मागितला, की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, ‘ग्रिल आहे का गेट?’ लोखंडाला या दोन गतींपलीकडे तिसरी गती त्याच्या शास्त्रात नसते. अशा वेळी ‘बंदूक’ असं उत्तर द्यायला छाती लागते. मी ते हळूच दिलं, तरी शेजारी पुट्टी घ्यायला आलेले दोघं जण जरा सरकून उभे राहिले. मग ‘छर्र्याची हो, जत्रेत फुगे फोडतात तसली’ असा खुलासा करावा लागला, आणि त्यानंतर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जी दया पसरली, तिच्यापेक्षा आधीची भीती परवडली असती.

बंदूक मामांची. कायद्यानं तिला कधी गंभीरपणे घेतलंच नाही. ४.५ मिलिमीटरची नळी, २० ज्यूलच्या आतली ताकद, त्यामुळे परवाना नको आणि निवडणूक आली की खऱ्या बंदुकवाल्यांची ती जमा करायची जी धावपळ उडते, तीही नको. गावभागातल्या घरात एका खुंटीला छत्री आणि दुसऱ्या खुंटीला ही, असा तिचा संसार. वानरं पापडांवर उतरली की मामा नळी मोडायचे, छर्रा न घालताच ‘फट्’ असा बार काढायचे, आणि वानरं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघायची, जशा नजरेनं रंगीत तालमीत संवाद विसरलेल्या नटाकडे मुरलेला प्रॉम्प्टर बघतो. खोटी शस्त्रं खरी मानून घ्यायची सवय या गावाला फार जुनी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ नाटक उभं केलं. वानरांनी मात्र ती सवय लावून घेतली नाही. मामांचीही तक्रार नव्हती. माझ्या आठवणीत त्या बंदुकीनं कुणाला इजा केली असेल, तर ती एका दुपारी झोपलेल्या मामींच्या मनःशांतीला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बंदूक जिन्याखालच्या कोनाड्यात होती. पूर ओसरल्यावर गाळातून जे जे निघालं त्यातली ही आमच्या वाट्याला आली. विश्रामबागेत पाणी चढलं नाही याचा आम्हा विश्रामबागकरांना एक अबोल गर्व आहे, जणू ही उंची आम्हीच मिळवली. तर त्या उंचीवर ती कपाटामागे काही पावसाळे उभी राहिली, अंगभर नारिंगी होऊन. मामा गेल्यावर मात्र तिच्याकडे बघवेना.

गंज काढणं अवघड नव्हतं. पुढे काय लावायचं, हा खरा प्रश्न, आणि त्यावर मत नसलेला माणूस आमच्या गल्लीत निघाला नाही. स्प्रेचा डबा मारला तर तासाभरात काळी, आणि पहिल्या ओरखड्याला खपली. कुपवाडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करून मिळतं. पूड विजेच्या भारानं लोखंडाला चिकटते आणि भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास वितळून बसते. ते नातवंडांच्या नातवंडांना पुरेल, पण थर इतका जाड, की बंदूक बागेतल्या बाकासारखी दिसेल. नगरसेवकाचं नाव घालायचं तेवढं बाकी. बाटलीतून मिळणारं एक द्रावण असतं, सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचे क्षार घातलेलं. बोळा फिरवला की लोखंड बघता बघता निळसर काळं होतं, पण ती झिलई पातळ, हाताळून विटणारी, वर विषारी. मग ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा इपॉक्सी रंग. ‘ओव्हन’ हा शब्द मी उच्चारला मात्र, आतून आवाज आला, ‘त्यात नानकटाई होते.’ एवढंच. खटला निकाली.

उरली ती सगळ्यांत जुनी रीत, बंदुका करणाऱ्या कारागिरांची. शेजारच्या अप्पांनी ती सांगितली तेव्हा मला वाटलं, ते थट्टा करताहेत. गंज टळावा म्हणून आधी गंजच चढू द्यायचा! अप्पांनी व्हाइसमध्ये धरून नळी सोडवून दिली. आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती कुणाच्याही दातांचा मुलाहिजा ठेवत नाही. मग नळी सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन तेलाचा अंशही उरू द्यायचा नाही, आणि पुढे उघड्या बोटांनी शिवायचं नाही, कारण बोट उमटेल तिथे रंग धरत नाही. व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा ओझरता हात फिरवायचा आणि ती दमट जागी टांगायची. आषाढातल्या सांगलीत दमट जागा शोधायला लांब जावं लागत नाही. न्हाणीघरात, टॉवेलांच्या रांगेत ती टांगली. सकाळी तिच्यावर तांबूस लव आलेली.

मग उकळायची. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळा होतो; लोखंडाचं एक ऑक्साइड जाऊन दुसरं येतं, लोहचुंबकाच्या दगडात असतं तेच मॅग्नेटाइट, आणि हे दुसरं लोखंडाला सोडत नाही, उलट स्वतःच्या बारीक रंध्रांत तेल धरून त्याला जपतं. वरची सैल काजळी बारीक स्टील वूलनं घासायची, पुन्हा गंज, पुन्हा उकळणं, मनासारखा काळा येईपर्यंत. बोअरच्या पाण्याचे डाग राहतात म्हणून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, स्टीलचं एक लांब भांडं वाकवून घेतलं, आणि दोन्ही शेगड्या अडवून मी उभा राहिलो. हिनं झाकण उचललं, वाफेतून आत पाहिलं आणि विचारलं, ‘किती शिट्ट्या द्यायच्या हिला?’

बंदुकीचा लाकडी दस्ता घेऊन मी मिरजेला गेलो. लाकडाला काय लावावं हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीहून चांगलं कोण सांगणार? तिथली घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार नि झिलई देणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, आणि पोलादावर फिरणारे हात पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर फिरू लागले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्रं खाली ठेवल्याची माणसाच्या इतिहासात जी थोडी उदाहरणं असतील, त्यांत इतकं सुरेल दुसरं मला तरी ठाऊक नाही. अशा ठिकाणी मी पुन्हा बंदूकच घेऊन चाललो होतो, याचा संकोच वाटत होता. एका वयस्कर कारागिरानं दस्ता हातात घेतला, कानाशी नेला, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि खेदानं मान हलवली. ‘आवाज नाही ओ ह्यात.’ बंदुकीचा आहे, म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. ‘मग बरोबर आहे. लाखेचं पॉलिश नको, घामानं पांढरं पडतं. जवसाचं तेल चोळा, पातळ. आणि चोळत राहा.’ किती दिवस, असं मी विचारलं. बंदूकवाल्यांत याचा एक पाठच आहे, आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. कारागिरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. सतारीला असं कुणी विचारत नसावं. (तेलाचे बोळे तेवढे चुरगाळून टाकू नयेत, आपोआप पेटतात, पसरून वाळवावेत.)

नळी शेवटी कोकिळाच्या पाठीसारखी झाली, काळी आणि उजेडात किंचित निळी. एका जागी मात्र बारीक खड्डा राहिला. खंडेनवमीला मामा तिथेच ओलं कुंकू लावत आणि दसरा उलटेपर्यंत पुसत नसत. वर्षानुवर्षांच्या भक्तीनं तिथे पोलाद खाल्लेलं. खड्ड्यात काळा जरा जास्तच धरलाय. मी ती अभिमानानं स्वयंपाकघरात नेऊन दाखवली. हिनं कांदा चिरता चिरता पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि म्हणाली, ‘हा तर विळीचा रंग.’ खरंच तोच होता. आईच्या वेळची विळी. कैऱ्या, कांदे, चिंचेचं पाणी, चुलीपाशी वाळणं, खोबरेलाचा हात. मी बाटल्या मोजून मापून जे केलं, ते सगळं तिच्यावर कुणी न ठरवता होऊन गेलेलं, आणि त्यासाठी कुणी गल्लीची बैठक बोलावली नव्हती.

या खंडेनवमीला पाटावर दोघी शेजारी मांडल्या. विळीला हिनं ओलं कुंकू लावून टाकलंही. मी बंदुकीपाशी बोट घेऊन थबकलो. कोरडं लावून पाहिलं, तर तेलकट नळीवरून ते घरंगळून पाटावर सांडलं.

‘ओलंच लावा की,’ ही म्हणाली, ‘गंजली तर परत उकळा.’